टीपकागदावरचे थेंब

मंगळवार, ३ जुलै १९५६. पांढुर्णा

आज तिगावच्या सात मुली मोटारीत बसून शाळेत आल्या. हे एक वाक्य लिहिता यावं म्हणून मी दोन वर्षं तिगावच्या ओसऱ्या झिजवल्या. रेल्वेची वेळ शाळेला जुळत नाही आणि एवढ्या लांब मुलीला पायी कोण पाठवणार, हेच उत्तर सगळीकडे. शेवटी पाटल्या मोडल्या आणि लष्कराच्या लिलावातली ही हिरवी मोटार घेतली. ह्यांनी एवढंच विचारलं, "आता हातात काय घालशील?" मी म्हटलं, खडू.

छायाचे वडील पुंडलिकराव पारावर सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तरीणबाई, मोटार घरी बंद पडली त समजून घेऊ. पण पोरी रस्त्यात अडकल्या त शाळा बंद." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ड्रायव्हर चिंधू रामाकोन्याचा आहे. लढाईत फौजेचे ट्रक चालवले, आता पन्नाशीला आला. बोलणं कमी. निघण्याआधी इंजिनातली तेलाची दांडी उपसून पाहतो, खांद्यावरच्या फडक्याला पुसतो. आज माझ्याकडे शाळेतला टीपकागद मागितला आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडला. "फौजेत आमचा हवालदार करे. महिन्या-पंधरा दिवसाले एक थेंब. इंजिनाच्या पोटात काय चाल्लं ते कागद सांगते." मग म्हणाला, "तुमच्याच वहीत ठेवा बाई. माह्या घरी उंदरं हायेत."

म्हणून इथे चिकटवते. मधाच्या रंगाचा थेंब, भोवती फिकट कडा. सुरेख दिसतो.

रविवार, २२ जुलै

दुसरा थेंब. पहिल्यासारखाच, थोडा गडद.

चिंधू म्हणतो, तेलाचा फिल्टर बदलायला हवा, आतला जुना झाला. मला समजेना, तेव्हा त्याने चुलीवरच्या चहाकडे बोट केलं. "गाळणं हाय ते, बाई. लोखंडाचा चुरा, काजळी, समदं तेलासंगं फिरते. हे गाळणं धरून ठेवते. गाळणं फाटलं त चहात पत्ती येते, माणूस थुंकून टाकते. इंजिनाले थुंकता येत नाही."

ह्यांना इतकं हसू आलं की चहा सांडला.

मी लगेच विनूला लिहिलं. माझा भाऊ नागपूरला मोटारींच्या सामानाच्या दुकानात आहे हे मी तिगावपर्यंत सगळ्यांना सांगितलेलं आहे, त्याचा आता उपयोग होईल. दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकू नको, मालक उघडून वाचतो, असं त्याने मागे कळवलं होतं. खोलीच्या पत्त्यावर टाकलं.

बुधवार, ८ ऑगस्ट

शाळेतून आले तर विनू ओट्यावर बसलेला! बुधवारी दुकानाला कशी सुट्टी, विचारलं तर म्हणाला मालकाच्या घरी लग्न आहे. श्रावणातही लग्नं करतात हे नागपूरचे लोक.

तीन फिल्टर घेऊन आला. लालभडक डबे, अजून रंगाचा वास येत होता. कागदी खोकं नाही, छापील चिठ्ठी नाही. "अक्का, कंपनीच्या मोठ्या पेटीतले सुटे आहेत, म्हणून तर तुला मिळाले. नाहीतर मुंबईहून यायला दोन महिने." त्याच्या नखांतही तोच लाल रंग. दुकानाची पाटी रंगवायलाही ह्यालाच बसवलं म्हणे. एवढ्या शिकलेल्या मुलाला!

चिंधूने एक डबा तळहातावर तोलला. "हलका हाय."

"तुला काय माहीत रे?" विनू चिडला. "नवीन पद्धतीचे आहेत."

"असंन बाप्पा. आपण जुन्या पद्धतीचे."

मला चिंधूचा राग आला. माझा भाऊ स्वतः खांद्यावर घेऊन आला आणि हा तोलून बघतो! सांगितलं, आजच बसव. त्याने निमूट बसवला, तेलही नवं घातलं.

विनू वाळला आहे. आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या वस्तूंतून त्याने फक्त तिची उशी मागून घेतली होती. आई उशीच्या कापसात निर्गुडीची वाळलेली पानं घालायची, डोकं जड होत नाही म्हणून. विचारलं, वापरतोस ना रे? "हो, हो," म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला. अजून आईचं नाव काढलं की त्याला गहिवरून येतं.

आम्हाला मूल नाही. विनू माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. त्याला अंगाखांद्यावर मीच खेळवला.

रविवार, २६ ऑगस्ट

थेंब काळा पडला आहे, मधोमध गोळा बसल्यासारखा. चिंधू तो माझ्यासमोर धरून उभाच राहिला.

"नवं तेल हाय, बाई. तीन हप्त्यात असं होत नाही. काटाही खाली येऊन राह्यला."

कसला काटा? तर म्हणे समोरच्या घड्याळात तेलाचा जोर दाखवणारा. मला तपासायच्या वह्या होत्या. म्हटलं, बघू. कागद चिकटवला आणि वही मिटली.

बुधवार, ५ सप्टेंबर

गोटमार. शाळेला सुट्टी. सकाळपासून जांब नदीवरून आरडाओरडा ऐकू येतो आहे. इकडचे सावरगाववाल्यांवर दगड फेकतात, सावरगाववाले इकडच्यांवर. ह्यांनी पोस्टाला कुलूप ठोकलं आणि घरी येऊन झोपले.

विनू पोळ्याला आला तो आजही आहे. जेवताना त्याला थेंबाचं सांगितलं. बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "अक्का, तू भोळी आहेस. नवं तेल घातलं हे तू डोळ्यांनी पाहिलंस का? हे ड्रायव्हर लोक नवं तेल विकतात आणि जुनंच फिरवतात. नागपुरात रोज पाहून राहिलो मी."

हे म्हणाले, "चिंधू तसा वाटत नाही."

"वाटत नाही म्हणूनच तर जमतं ना, भाऊजी."

पहिल्यांदा तेल बदललं तेव्हा मी स्वयंपाकघरात विनूसाठी भजी तळत होते, हे खरं. पाहिलं नाही.

रविवार, ३० सप्टेंबर

आठ दिवसांपूर्वी दुसरा लाल डबा बसवला. ह्या वेळी मी समोर खुर्ची टाकून बसले. चिंधूने मान वर न करता काम केलं. नवं तेल ओतताना डबा माझ्या नाकासमोर धरला. "वास घेऊन पाहा, बाई." चेहरा हसरा नव्हता.

आजचा थेंब पुन्हा काळा. मी स्वतः पाहिलं होतं तरी काळा! रात्रीतून बदलत असेल का? असा विचार आला आणि स्वतःची लाज वाटली. पण विचार गेला नाही.

शनिवारी सौंसरला तालुक्याची शिष्यवृत्तीची परीक्षा. सातही मुली बसणार. छाया पहिली येईल असं मला मनातून वाटतं. चिंधू म्हणतो, "सौंसरपावेतो नोका नेऊ. इंजिन आतून खटखट करून राह्यलं. तिगावपावेतो ठीक हाय." सर्व्हिसची प्रवासी मोटार परीक्षेच्या वेळेला पोचत नाही. मग न्यायचं कसं?

शनिवार, ६ ऑक्टोबर

न्यायला नको होतं.

सौंसरच्या अलीकडे संत्र्याच्या बागेजवळ मोठा ठोका पडला आणि मोटार थांबली. चिंधूने इंजिनाचं टोपण उघडलं आणि नुसता उभा राहिला. "धरलं, बाई," म्हणाला. इंजिन धरलं. आता फिरणार नाही.

मुलींना घेऊन मी चालत निघाले. छाया दौत सांभाळत पळत होती, सगळी शाई तिच्या परकरावर. पोचलो तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. परीक्षेवरचे गुरुजी वाईट नव्हते. घड्याळ दाखवून म्हणाले, "बाई, माझ्या हातात काय आहे?"

 परत येताना धाकट्या कलाने विचारलं, "बाई, आता आमाले घरी बसवतीन?"

सोमवार, ८ ऑक्टोबर

हे मी लिहिणार नव्हते.

तिगावच्या पारावर गेले. सातही बाप बसले होते. चिंधूला बरोबर नेलं होतं, मोटारीचं त्यांना समजावून सांगायला म्हणून. पुंडलिकराव शांतपणे म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता. आता एवढं सांगा, चूक कोणाची?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मोटार चांगली आहे, शाळा चांगली आहे, पुन्हा असं होणार नाही, हे त्यांना पटवायला मला कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, "ह्याची. हा तेल विकत होता."

चिंधूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मोटार बंद पडली तेव्हा टोपण उघडून जसं पाहिलं होतं, तसं. खांद्यावरचं फडकं घडी करून पारावर ठेवलं, त्यावर किल्ली.

"बाई, थेंब तुमच्याच वहीत हायेत," एवढं बोलला आणि चालायला लागला.

विनूने बरोबर ओळखलं होतं असं मी घरी सांगितलं. हे चपला घालून बाहेर गेले.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

कोणी आलं नाही. पुंडलिकराव म्हणाले, "ड्रायव्हर चोर निघाला त पोरी त्याच्यासंगं कोणाच्या भरवशावर पाठवल्या होत्या तुम्ही?" म्हणजे माझ्या बोलण्याने उलटच झालं.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

इंजिन उघडायला नागपूरचा कारागीर हवा, म्हणून घाईने विनूला दुकानाच्या पत्त्यावर लिहिलं होतं. पत्र आज परत आलं. वर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं, 'जूनपासून येथे नाही'. हे स्वतः पोस्टातून घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं.

मी म्हटलं, एक तारखेला राज्य बदलायचं म्हणून तुमच्याच खात्यात गोंधळ चालला आहे, पत्रं कुठली कुठे जातात.

"पत्र बरोबर गेलं होतं," हे म्हणाले. "बरोबर परत आलं."

दुसराच कोणी त्या नावाचा असेल.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज ही वही पहिल्यापासून चाळली. थेंब ओळीने पाहिले. जुलैचे दोन मधाच्या रंगाचे. मग विनू आला. मग सगळे काळे. हे मी रोज हाताखाली धरून लिहीत होते.

शाळेतलं भिंग आणलं. ऑगस्टच्या थेंबात मधोमध एक बारीक धागा आहे. सप्टेंबरच्या थेंबात तीन. लोखंडाचा चुरा असा नसतो. कापूस वेचणाऱ्यांच्या गावात जन्मले, कापसाचा तंतू मला कळतो.

तिसरा लाल डबा न वापरलेला, फळीवर होता. अडकित्त्याने पत्रा उचकटला. खाली जाळी नाही, वर जाळी नाही. नुसता मोकळा कापूस कोंबलेला. जुना, पिवळसर, गाठी झालेला. मी तो बाहेर ओढला तेव्हा त्यातून काहीतरी ताटलीत पडलं.

निर्गुडीचं पान. वाळलेलं, अर्धं.

नाकाशी धरलं. आईच्या कुशीत झोपल्यावर यायचा तोच वास.

बुधवार, २४ ऑक्टोबर

शाळेत गेले. शिकवलं. काय शिकवलं आठवत नाही.

रविवार, २८ ऑक्टोबर

सर्व्हिसने सौंसर, तिथून रामाकोना. चिंधूचं घर विचारत गेले. त्याची बायको केसरबाई अंगणात तुरीच्या तुरकाट्या बांधत होती. मला ओळखलं, पण या म्हटलं नाही.

"चोराच्या घरी काऊन आल्या, मास्तरीणबाई?"

चिंधू आतून म्हणाला, "बसू दे तिले. चालून आली."

मी कापूस आणि पान त्याच्यापुढे ठेवलं. आईच्या उशीचं सांगितलं. विनूने जूनमध्येच नोकरी घालवली असावी आणि दुकानामागे फेकलेले जुने डबे उचलून, भरून, रंगवून आणले असावेत, हेही सांगितलं. सांगताना लक्षात आलं, की मी अजूनही 'असावेत' म्हणते आहे.

चिंधूने कापूस बोटांनी पिंजून पाहिला. "तळात एक जाळी राह्यते, बाई. तेल तिच्यातून वर चढते. हा कापूस सुटून तिच्यावर घट्ट थर, नमदा बसला असंन. मंग तेल वर जाईन कसं? लोखंडावर लोखंड घासलं." मग म्हणाला, "तरी म्हनो मी, हलका काऊन हाय."

मी परत चल म्हटलं.

"इंजिन खोलून देईन. मुक्यानं पडलं हाय बिचारं. पण चालवाले येनार नाही. जिथं चोर म्हटलं तिथंच जाऊन सांगा. त्याच मानसांपुढं. कोनी केलं त्याचं नाव घेऊन. मंग पाहू."

केसरबाईने चहा दिला. गाळून. गाळणं मुद्दाम माझ्यासमोर झटकलं.

गुरुवार, १ नोव्हेंबर

आजपासून नागपूर मुंबई राज्यात आणि आम्ही भोपाळकडे. पोस्टात सगळे नवा शिक्का कसा असेल ह्यावर बोलत होते. हे म्हणाले, "विनायकराव आता परराज्यातले पाहुणे." मग माझ्याकडे पाहून पुन्हा शिक्क्याचंच बोलू लागले.

रविवार, ४ नोव्हेंबर. भाऊबीज

विनू आला. मला वाटलं होतं येणार नाही. नवा सदरा घालून आला होता, माझ्यासाठी बांगड्यांची जोडी.

पाट मांडला, रांगोळी काढली. निरांजनाच्या वाती मी काल वळल्या होत्या, त्या डब्यातल्या कापसाच्या. तबकात सुपारी, अक्षता आणि ते अर्धं पान.

ओवाळायला घेतलं तेव्हा तो हसत होता. मग त्याची नजर तबकात गेली. पानावर थांबली. माझा हात फिरत होता. थांबवला असता तर ताट पडलं असतं.

"अक्का," म्हणाला. मग सगळं बाहेर आलं. जूनमध्येच काढलं होतं. मग खोलीही गेली, तीन महिने स्टेशनच्या बाकावर झोपतो आहे. "तुला कसं सांगू? तू तर गावभर सांगून राहिली होतीस, माझा भाऊ दुकानात आहे, तो आणेल. मला वाटलं, एवढं एक तरी आणून द्यावं."

"आणि चिंधू?"

त्याने पाटाभोवतीची रांगोळी बोटाने पुसली.

"आईची उशी कशी फाडवली रे तुला?"

"दुसरा कापूस कुठून आणू?" लहान असताना रडायचा तसा त्याचा ओठ वाकडा झाला. "आईचा होता ना. मला वाटलं, त्यानं वाईट होणार नाही."

मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. हे मी खरं लिहिते. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, उद्या सकाळी माझ्याबरोबर तिगावला चल. तुझ्या तोंडाने सांग. मी शेजारी उभी राहीन.

"चालतो," म्हणाला. पोटभर जेवला.

सोमवार, ५ नोव्हेंबर

अंथरूण घडी घातलेलं. पहाटेच्या पॅसेंजरने गेला, स्टेशनवरच्या हमालाने ह्यांना सांगितलं.

डब्यातल्या कापसाने फसवलं ते मला कळलं होतं, विनूचं नाही. काल 'चालतो' म्हणाला तेव्हा माझं डोकं त्याच्या डोक्याला टेकलेलं होतं. तेव्हाही त्याच्या मनात पॅसेंजरची वेळ असेल का?

एकटीच तिगावला गेले. पारावर पाच जण होते, बाकीच्यांना बोलावून घेतलं. उभं राहूनच बोलले. म्हटलं, चिंधू चोर नाही. त्याने तीन वेळा सांगितलं, मी ऐकलं नाही. खोटे फिल्टर माझ्या भावाने दिले. त्याचं नाव विनायक. आणि चिंधूला ह्याच जागेवर चोर म्हणणारी मी.

 मग एक म्हातारा म्हणाला, "सख्ख्या भावानं?" मी मान हलवली.

पुंडलिकरावांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. "इंजिन सुधरू द्या. चिंधू चालवत असंन त पाहू. दुसरा नाही." निघताना छाया घरातून धावत आली. परकरावरचा शाईचा डाग धुऊन निळसर राहिला आहे. काही न बोलता माझ्या पिशवीत दोन संत्री टाकून गेली.

रविवार, २५ नोव्हेंबर

चिंधूने अठरा दिवस खपून इंजिन बांधलं. तळातल्या जाळीवर खरंच नमदा होता, बोटभर जाड. त्याने तो मला दाखवला नाही. मीच बघायला मागितला, तेव्हा म्हणाला, "राहू द्या बाई. तुमच्या मायचा हाय." जांबेत सोडून आला.

नवा फिल्टर ह्यांनी थेट कंपनीकडून टपालाने मागवला. जड आहे. चिंधूने तळहातावर तोलला, मग माझ्या तळहातावर ठेवला.

उद्यापासून तिगावच्या चार मुली येतील. छाया त्यांत आहे. कला नाही, तिचं लग्न ठरलं. विनूचं पत्र नाही. मीही लिहिलेलं नाही.

आजचा थेंब खाली चिकटवला आहे. मधाच्या रंगाचा, भोवती फिकट कडा. चिंधूने कागद दिला आणि जायला वळला. मी भिंग काढलं. वहीवर वाकून त्या थेंबात धागा शोधत होते.

तो दारात थांबला होता, हे मला उशिरा कळलं.

"पाहून घ्या, बाई," तो म्हणाला. "नीट पाहून घ्या."

धागा नव्हता. मी पुन्हा एकदा पाहिलं.